कुंतीचं बी वाळू देऊ नका

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. साताऱ्याला नव्या घराच्या भिंतीलगत ४० फूट लांबीचं कुंतीचं कुंपण करायचं आहे. 'मधुकामिनी' (हे कुंतीचंच दुसरं नाव) असं लिहिलेलं बियांचं पाकीट तुम्ही दोनदा ऑनलाइन मागवलंत, बिया रात्रभर भिजवल्या, कोकोपीटमध्ये इंचभर खोल पेरल्या, दीड महिना पाणी घातलं, पण एकही कोंब वर आला नाही. माहेरी, संगमेश्वराकडे, विहिरीच्या कडेला आईच्या हातची जुनी कुंती आहे आणि तिला दरवर्षी लाल फळं येतात. त्या फळांपासून रोपं होतील का, की वेळ न घालवता नर्सरीतून तयार रोपं आणावीत, असं तुम्ही विचारलंय.

होतील, आणि चांगली होतील. पुणे-सोलापूर रस्त्यावर आमची रोपवाटिका आहे. पंचवीस वर्षांत इथे कुंतीचे अनेक वाफे मी स्वतःच्या हाताने पेरले आहेत, त्यामुळे हे खात्रीने सांगते. मुख्य दोष तुमचा नाही. पाकिटातलं बी तुमच्याकडे पोचलं तेव्हाच ते मेलेलं असणार.

गहू, झेंडू, टोमॅटो यांचं बी वाळवून डब्यात ठेवलं तर वर्षभर टिकतं. कुंतीचं तसं नाही. हे झाड संत्री-लिंबाच्या कुळातलं, कढीपत्त्याचं जवळचं नातेवाईक. कढीपत्त्याचं काळं फळ खाली पडलं की पावसात झाडाखाली रोपांची गर्दी होते, पण तेच बी महिनाभर कागदाच्या पुडीत ठेवलं की पेरून उपयोग नसतो, हे घरोघरी पाहिलेलं आहे. कुंतीचं तेच. फळातून बाहेर आलेलं बी ओलं आणि जिवंत असतं. ते सुकत गेलं की आतला अंकुरही मरत जातो, आणि नंतर कितीही भिजवलं तरी परत येत नाही. एका वर्षी मी एकाच झाडाची फळं घेऊन तीन कुंड्या केल्या होत्या. पहिलीत त्याच दिवशी सोललेलं बी पेरलं, दुसरीत आठवडाभर कागदावर सावलीत वाळवलेलं, तिसरीत महिनाभर वाळवलेलं. पहिलीत जवळजवळ सगळं उगवलं. दुसरीत निम्म्याहून कमी. तिसरीत दोनच कोंब दिसले आणि त्यातला एक पुढे वाढलाच नाही. तेव्हापासून आमच्याकडे कुंतीचं बी साठवायचं नाही, हा नियमच झाला.

आता फळांविषयी. पावसाळ्यातल्या बहराची फळं आमच्याकडे साधारण दिवाळीच्या सुमाराला रंग धरतात. उन्हाळ्याच्या तोंडाला आलेल्या फुलांची फळं पावसाळ्यात पिकतात. कोकणात दहापंधरा दिवस इकडेतिकडे होईल. हिरवं फळ घेऊ नका, पिवळट-नारिंगीही नको. पूर्ण लाल झालेलं, चकचकीत, बोटाने हलकं दाबलं तर थोडं दबणारं आणि देठाला धरून न राहता हातात सुटून येणारं फळ घ्या. झाडाखाली पडलेलं ताजं लाल फळही चालतं, सुरकुतलेलं मात्र नाही.

४० फुटांत दीड फुटावर एक म्हटलं तर २८ रोपं लागतात. फळात एक किंवा दोन बिया असतात, म्हणून साठेक फळं आणा. काही उगवणार नाहीत, काही रोपं मरतील, आणि उरतील त्यातून तुम्हाला निवडून घेता आली पाहिजेत. कुंपणात सगळ्यांची चाल सारखी लागते, त्यामुळे निवडायला जास्तीची रोपं हाताशी असणं मोठ्या सोयीचं.

माहेराहून आणताना फळं सोलू नका. फळाची साल हेच त्या बियांचं सगळ्यात चांगलं पाकीट. सुती कापड ओलं करून घट्ट पिळा, त्यात फळं सैलसर गुंडाळा आणि झाकणाला भोकं असलेल्या डब्यात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीला गाठ मारून आणलीत तर एसटीच्या प्रवासातच ती आंबायला लागतील. अशी फळं तीनचार दिवस सहज राहतात. फ्रिजमध्ये ठेवू नका. हे उष्ण प्रदेशातलं झाड आहे, त्याच्या ओल्या बियाला गारठा मानवत नाही.

घरी आल्यावर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सोलायला बसा. या कामात घाई करू नका, कारण बऱ्याच जणांचं इथेच चुकतं. फळ चिमटीत दाबलं की साल फाटते आणि बी बुळबुळीत गरासकट बाहेर निसटतं. गर चिकट असतो, बोटांना लागला की धुतल्याशिवाय जात नाही, आणि त्याला लिंबाच्या पानासारखा हलका वास असतो. फळात दोन बिया असल्या तर त्यांची एकमेकींना टेकलेली बाजू सपाट असते. एकच असली तर ती गोलसर भरते. बियांवर बारीक लव असते, आणि हा गर त्या लवेत अडकून बसतो. नुसतं पाण्यात खळबळून तो निघत नाही. मूठभर भरड वाळू घ्या, तिच्यात बिया घालून तळहातांमध्ये हलकेच चोळा, मग पाण्यात धुवा. असं दोनतीनदा करा. बी हाताला खरखरीत लागायला लागलं की झालं. गर राहिला तर दोन दिवसांत त्यावर पांढरी बुरशी धरते, मुंग्या येतात, आणि उगवणही रेंगाळते. रानात हे काम बुलबुल करतात. ते फळ खातात, गर त्यांच्या पोटात जातो आणि स्वच्छ झालेलं बी दुसरीकडे पडतं.

धुतलेल्या बिया पाण्यात टाकून बघा. तळाला बसतील त्या घ्या, तरंगतील त्या बहुतेक पोकळ असतात. पण ही परीक्षा चोळल्यानंतरच करायची. लवेत हवा अडकलेली असली तर चांगलं बीही तरंगतं, आणि आपण ते फेकून देतो. रात्रभर भिजवायची गरज नाही. ताजं बी आधीच ओलं असतं.

मिश्रणाचं फार अवडंबर करू नका. मी एक भाग पोयटा माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग चाळलेलं, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत घेते. कोकोपीट वापरायचंच असेल तर दोनतीन पाण्यांनी धुवून घ्या. त्यात कधीकधी क्षार असतात आणि कोवळ्या मुळांना ते बाधतात. नुसत्या कोकोपीटमध्ये मात्र पेरू नका. वरून कोरडं दिसतं, आत चिखल असतो, आणि पाण्याचा अंदाज चुकतो. तुमची काळी माती वाफ्याला वापरू नका. ती ओली असताना चिकटते, सुकली की तिला भेगा पडतात आणि त्या भेगांत कोवळं मूळ तुटतं.

मिश्रणात थोडी ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) पावडर मिसळा. पसरट ट्रेपेक्षा सहा इंच खोल कुंडी किंवा पिशवी बरी, कारण कुंतीचं पहिलं मूळ सरळ खाली धावतं. उथळ ट्रेच्या तळाला लागून ते वळलं की तो वाकडेपणा झाडाला जन्मभर राहतो. दोन बियांत दीड इंच अंतर ठेवा आणि बी आडवं टाकून वर अर्धा सेंटीमीटर माती चाळणीने पसरा. तुम्ही इंचभर खोल पेरलं होतंत. ताज्या बियालाही तेवढी माती जड जाते. पेरून झाल्यावर बारीक झारीने पाणी द्या. नळीचा जोर लागला की बिया एका कोपऱ्यात गोळा होतात.

कुंडी सकाळचं ऊन येईल अशा सावलीत किंवा ५० टक्क्यांच्या शेडनेटखाली ठेवा. माती ओलसर हवी, पाणी साचता कामा नये. बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत घालून बघा आणि कोरडं लागलं तरच पाणी घाला. हवा उबदार असेल तर पंधरा ते तीस दिवसांत कोंब दिसतात. दिवाळीनंतर पेरलंत आणि थंडी लवकर पडली तर दीड महिनाही लागतो, तेव्हा घाबरून माती उकरू नका. साताऱ्याच्या थंडीत कुंडी गच्चीवर उन्हाने तापणाऱ्या भिंतीला टेकवून ठेवा आणि रात्री वर पारदर्शक प्लॅस्टिक टाका. सकाळी ते काढायला विसरू नका. डिसेंबरात पिकलेली फळं आणलीत तर हाच उपाय करावा लागेल, कारण बी फेब्रुवारीपर्यंत थांबणार नाही.

पहिली पानं पाहून अनेकांना वाटतं की दुसरंच काही उगवलं. मोठ्या कुंतीचं पान संयुक्त असतं, एका देठावर पाचसात पर्णिकांचं, म्हणजे छोट्या पानांचं. रोपाला मात्र आधी साधी, एकेकटी पानं येतात, मग तीन पर्णिकांची, मग पाचांची. शंका आली तर एक पान चुरगाळून वास घ्या आणि दुसरं उजेडासमोर धरा. पानभर सुईने टोचल्यासारखे पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी. लिंबाच्या, संत्र्याच्या, कढीपत्त्याच्या पानातही त्या असतात.

उगवल्यानंतरचा पहिला महिना खरा काळजीचा. सुरुवातीच्या वर्षांत माझा एक पूर्ण वाफा चार दिवसांत गेला होता. संध्याकाळी रोपं ताठ होती. सकाळी पाहिलं तर एका कोपऱ्यातली वीसेक रोपं मातीच्या पातळीवर बारीक होऊन, दोऱ्याने आवळल्यासारखी, आडवी झाली होती. पानं अजून हिरवीच होती. दुसऱ्या दिवशी तो घेरा वाढला. हा मर रोग. मी रोज संध्याकाळी पाणी घालत होते आणि रोपं दाट होती, रात्रभर माती ओली राहायची, बुरशीला आणखी काय पाहिजे? आता पाणी सकाळीच देते, शक्यतो कुंडी पाण्याच्या घमेल्यात ठेवून खालून, आणि पहिली दोन पानं उघडली की दाट रोपं विरळ करते. एखादं रोप आडवं पडलेलं दिसलं तर त्याच्या भोवतालच्या मातीसकट काढून लांब टाका. तीच माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका.

दुसरं संकट सुरवंटांचं. लिंबाच्या झाडावर येणारी फुलपाखरं कुंतीवरही अंडी घालतात, आणि कोवळं रोप त्यांना फार आवडतं. लहानपणी ही अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी दिसते, म्हणून नजर तिच्यावरून निघून जाते. मोठी झाली की हिरवी होते आणि तिला हात लावला तर डोक्यामागून लालसर दुभंगलेलं शिंग बाहेर काढते, उग्र वास सोडते. चार पानांचं रोप ती एका दिवसात संपवते. फवारणी नको. रोज सकाळी पानं उलटून बघा आणि अळी उचलून मोठ्या लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या झाडावर नेऊन ठेवा. तिचंही पोट भरेल आणि तुमची रोपंही राहतील.

पाचसहा पानं झाली, म्हणजे साधारण तीन महिन्यांनी, की एकेक रोप पाच बाय सात इंचांच्या पिशवीत हलवा. हे काम संध्याकाळी करा आणि मुळाभोवतीची माती फुटू देऊ नका. पुढे मुळं पिशवीच्या भोकांतून डोकावली की आठ बाय दहाची पिशवी. दर महिन्याला मूठभर गांडूळखत पुरतं. पहिल्या वर्षी कुंती फार वाढत नाही. वर्षाने फूटभर झाली तरी ठीक म्हणायचं. या काळात ती खाली मुळं करत असते, वरून दिसत नाही म्हणून युरिया घालू नका. पानं मऊ होऊन मावा येतो, एवढंच.

नर्सरीतून आणण्याविषयीही स्पष्ट बोलते. मी स्वतः रोपं विकते, आणि तरीही कुंपणासाठी बियांपासूनची रोपं चांगली असं म्हणेन. आपल्याकडच्या बाजारातली बरीच शोभेची रोपं आंध्रातल्या कडियमहून नाही तर कोलकात्याकडून येतात आणि त्यांच्या मुळांभोवती चिकणमातीचा गोळा असतो. लांबच्या प्रवासात तो मुळं जपतो, त्यामुळे तो त्यांना करावाच लागतो. पण आपल्या जमिनीत लावल्यावर तो आवळून विटेसारखा होतो आणि दोन वर्षं झाली तरी मुळं त्याच्या बाहेर पडत नाहीत. विकतचं रोप आणलंत तर गोळा तासभर पाण्यात ठेवून बाहेरची माती हलक्या हाताने सैल करा, मगच लावा. दुसरं म्हणजे 'बुटकी कुंती' म्हणून जी मिळते ती गुटीची (झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेली) किंवा छाटाची (फांदीचा तुकडा मातीत रुजवून केलेली) असते. कुंडीत फार गोड दिसते, लवकर फुलते, पण चारपाच फुटांचं दाट कुंपण तिच्याकडून होत नाही.

एक गोष्ट मात्र आधीच समजून घ्या. बियांपासून आलेली रोपं आईच्या कुंतीची लेकरं असतील, तीच कुंती नव्हे. पानांचा आकार, वाढीची चाल यात थोडा फरक पडेल. कुंपणाला त्याने काही बिघडत नाही. पण आईच्या हातचं तेच झाड दारात हवं असेल तर येत्या जून-जुलैत माहेरी गुटी बांधा. पेन्सिलीएवढी जाड फांदी निवडा, तिची इंचभर साल गोल काढून टाका, वरच्या कडेला रूटिंग हार्मोन (मुळं फुटायला मदत करणारं औषध) लावा, ओलं शेवाळ गुंडाळा आणि पारदर्शक प्लॅस्टिकने दोन्ही बाजूंनी घट्ट बांधा. दोनअडीच महिन्यांत आत पांढरी मुळं दिसली की फांदी खालून कापून कुंडीत लावा. छाट कलम कुंतीचं अवघड, गुटी बऱ्यापैकी साधते. फाटकाजवळ ती एक गुटी लावा आणि भिंतीलगत बियांची रोपं.

लावणी पुढच्याच्या पुढच्या पावसाळ्यात करा, म्हणजे रोपं दीड वर्षाची झालेली असतील. भिंतीपासून दोन फूट सोडून दीड फूट खोल चर घ्या. तुमच्या माहेरी जांभ्याची माती आहे, ती आम्ल. साताऱ्याकडच्या काळ्या जमिनीत चुनखडी असते, आणि बोअरचं पाणी जड असेल तर त्यात आणखी भर. अशा जमिनीत कुंतीला लोह मिळत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. चरातली निम्मी माती काढून तिच्या जागी लाल माती आणि शेणखत भरा. तरीही पिवळेपणा आलाच तर चिलेटेड लोह, म्हणजे चुनखडीच्या जमिनीतही झाडाला घेता येईल अशा रूपातलं लोह, मातीत द्या. गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवता आलं तर ते या झाडांना ठेवा.

फुलं साधारण तिसऱ्या पावसाळ्यापासून येतात. एखादं रोप आधीही फुलून जातं. कुंतीचा बहर ताणावर येतो. संत्र्याला पाणी तोडून मृग किंवा आंबिया बहार धरतात, तसंच काहीसं. कोरडे दिवस गेले आणि एक चांगला पाऊस झाला की पुढे सगळी झाडं एकदम पांढरी होतात, रात्री गल्लीच्या टोकापर्यंत वास जातो, आणि दोनतीन दिवसांत पाकळ्यांचा सडा पडून संपतं. म्हणून रुजलेल्या कुंपणाला उन्हाळ्यात रोज पाणी घालू नका, थोडं तहानलेलं राहू द्या. कात्रीचंही तसंच. फुलं नव्या फुटीच्या शेंड्यावर येतात. दर पंधरा दिवसांनी भिंतीसारखं सपाट कापत राहिलात तर हिरवी भिंत मिळेल, वास मिळणार नाही. बहर ओसरला की लगेच एक छाटणी करा आणि मग पुढच्या बहरापर्यंत हात लावू नका. फळं हवी असतील तेवढ्या फांद्या तशाच सोडा.

अंगणात कागदी लिंबू आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून एक सावधगिरी सांगते. लिंबूवर्गीय झाडांचा सायला हा बारीक कीटक कुंतीच्या कोवळ्या फुटीवर आनंदाने वाढतो, आणि तोच संत्रा-मोसंबीला ग्रीनिंग रोग लावतो. फ्लोरिडात १९९८ साली हा कीटक पहिल्यांदा सापडला तो घरांच्या आवारातल्या कुंतीवरच, आणि २००५ मध्ये तिथे ग्रीनिंग दिसलं. त्यानंतर तिथल्या बागांचं अपरिमित नुकसान झालं. तुमच्या एका लिंबासाठी कुंती सोडायची गरज नाही. नव्या फुटीवर मेणासारखे पांढरे धागे, चिकटपणा, वाकडी झालेली पानं दिसली तर तो शेंडा तोडून टाका आणि निंबोळी अर्क फवारा. पण नागपूर-अमरावतीकडे कुणाच्या शेजारी संत्र्याची बाग असेल तर त्यांनी कुंतीचं कुंपण करू नये, असं माझं ठाम मत आहे. तिथे मेंदी लावावी.

सह्याद्रीच्या रानात हीच पांढरी म्हणून ओळखली जाते. लाकूड इतकं चिवट की तिची काठी पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. तुमच्या विहिरीकडची कुंती जुनी असेल तर तिचं खोड पाहा, फिकट, पांढुरकं असेल.

आणि माहेरी आजच फोन करा. फळं लाल व्हायला लागली की बुलबुल माणसांच्या आधी पोचतात, तुम्ही भाऊबीजेला जाईपर्यंत झाडावर एकही उरणार नाही. भावाला सांगून फळं धरलेल्या दोनतीन फांद्यांना जुन्या मलमलीच्या साडीचं कापड सैल बांधून ठेवा. बाकीच्या फांद्या पाखरांना राहू द्या.